मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवास: अंतर तेच असताना जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
नमस्कार. माझे आईवडील येत्या जानेवारीत थोरल्या भावाकडे मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जाणार आहेत. जातानाचा प्रवास सुमारे 16 तासांचा आणि परतीचा साडेचौदा तासांचा दाखवला आहे. वडिलांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी धरली, तर रेषा अरबस्तान, लिबिया, अल्जीरियावरून अटलांटिककडे जाते. भाऊ मात्र म्हणतो की विमान उत्तर युरोपावरून जाते. अंतर नेमके किती धरावे? आणि हा दीड तासाचा फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो का? दोघेही सत्तरीपुढचे असल्याने इतका वेळ बसवेल का, याची त्यांना काळजी वाटते.

उत्तर (मिरज):
तुमच्या भावाचे म्हणणे बरोबर आहे. सपाट नकाशावर ध्रुवांकडचा प्रदेश ताणलेला असतो, त्यामुळे तिथली सरळ रेषा प्रत्यक्षात जवळची नसते. मी भूगोल शिकवतो आणि वर्गात हे दोऱ्याने दाखवतो. 30 सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा घट्ट ताणला, की तो अफगाणिस्तान आणि पश्चिम कझाकस्तानवरून सेंट पीटर्सबर्गजवळ पोहोचतो आणि पुढे स्वीडन, नॉर्वे, आइसलँड करत कॅनडाच्या पूर्व भागातून खाली उतरतो. तो साडेएकोणतीस सेंटीमीटर भरतो, आणि अशा गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर, म्हणून अंतर साधारण 12,500 किलोमीटर येते. पट्टीच्या रेषेने गेल्यास तेच जवळजवळ 14,200 होते. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. वडिलांना हा प्रयोग जरूर करू द्या, त्यांना मनापासून आवडेल.

उत्तर (सातारा):
वेळेतील फरक पृथ्वीच्या फिरण्याने पडत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतूनच उडते. कारण वाऱ्याचे आहे. मध्य अक्षांशांवर साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट वायुप्रवाह वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरकस असतात. हवेतला वेग ताशी 900 किलोमीटर असलेल्या विमानाला समोरून 100 किलोमीटरचा वारा लागला, तर जमिनीच्या मानाने ते 800 नेच सरकते. परतताना तोच वारा पाठीशी असला, तर 1,000 ने. शिवाय दोऱ्याची वाट नेहमी मोकळी नसते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यावर आपल्या कंपन्यांना वळसा घ्यावा लागला, आणि वळसा म्हणजे जादा वेळ आणि जादा इंधन.

उत्तर (तासगाव):
ताई, तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, एवढे आईवडिलांना आधी समजावून सांगा. रात्री एकला निघालेले विमान त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरते असे दिसले, तरी न्यूयॉर्क जानेवारीत आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असल्याने प्रवास 16 तासांचाच असतो. मार्च ते नोव्हेंबर या काळात तिथली घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो. सांगली ते मुंबईचा प्रवास आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे हेही हिशेबात धरा. आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाऊन दिवसभर मुंबईत विसावा घेतलेला बरा. दोघांसाठी कडेच्या, म्हणजे वाटेलगतच्या जागा मागा, चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, आणि पायांत रक्त साकळू नये म्हणून त्यांनी अधूनमधून उठून चालावे, असे त्यांच्या डॉक्टरांकडूनही एकदा सांगवून घ्या.