ग्लास फिल्ड नायलॉनचा ब्रॅकेट वाकतोय, उष्णतेच्या टेस्टमधून आतली रचना कळेल का?

भोसरीचा_मोल्डर: नायलॉन ६, ३० टक्के ग्लास फायबर (काचेचे तंतू), जाडी २ मिमी. पार्ट साच्यातून सरळ निघतो, गार झाला की गेटपासून (जिथून प्लास्टिक साच्यात शिरतं) लांबचं टोक उचलतं. फायबर कुठल्या दिशेने बसलेत की क्रिस्टलिनिटीत (प्लास्टिकच्या साखळ्या किती शिस्तीत रचल्यात त्यात) फरक आहे, हे शोधायचंय. बाहेरच्या लॅबसाठी बजेट २० हजार.

चाकण_टूलरूम: डीएससी करा, तुकडा तापवत तो किती उष्णता घेतो ते मोजतात, त्यावरून क्रिस्टलिनिटी कळते. आम्ही स्वतःचं मशीनच घेतलं, आता कोणाच्या दारात जावं लागत नाही. तुम्हीही घ्या.

पॉलिमरताई: २० हजारांत मशीन कसं येईल, दादा? पण डीएससी हवीच. गेटजवळचा आणि टोकाचा तुकडा द्या, ५ ते १० मिलिग्रॅम. पहिलं हीटिंग बघा, मोल्डिंगचा परिणाम त्यातच दिसतो. एकदा वितळलं की गेला. काचेचं वजन वजा करायला सांगा. आमच्या लॅबने केलं नाही, क्रिस्टलिनिटीचा आकडा कमी आला आणि आम्ही उगाच साच्याचं तापमान वाढवत बसलो.

नाशिककर_७७: ग्रॅन्युल्स नीट वाळवता का? आम्ही ड्रायर बदलला, त्रास संपला.

पॉलिमरताई: ओलाव्याने चंदेरी पट्टे येतात, टोक उचलायचं कारण सहसा वेगळं असतं.

नाशिककर_७७: आमचं उचलायचं.

जुना_क्यूसी: डीएससीला दिशा कळत नाही! सीटी स्कॅन करा, एकेक तंतू दिसतो. आम्ही केलंय. खर्च विचारू नका.

चाकण_टूलरूम: आधी डीएससीच.

उष्मामापी: दिशेसाठी लेझर फ्लॅश. १९६१ पासूनची पद्धत आहे. चकतीच्या एका बाजूला झोत मारायचा, मागची बाजू अर्धी तापायला किती वेळ लागला ते बघायचं. जाडीचा वर्ग गुणिले ०.१३८८, भागिले तो वेळ, की थर्मल डिफ्यूजिव्हिटी, म्हणजे उष्णता किती वेगाने पसरते ते, मिळाली. काचेची उष्णतावाहकता नायलॉनच्या साधारण चौपट, म्हणून तंतूंच्या दिशेने आकडा चढा येतो. मात्र पार्ट नुसता ठेवला तर मोजमाप जाडीतूनच होतं. पातळ पट्ट्या कापा, प्रत्येक ९० अंशांत वळवून शेजारी शेजारी आवळा, वर ग्रॅफाइटचा फवारा. एक संच प्रवाहाच्या दिशेचा, एक आडवा. जाडी मायक्रोमीटरनेच घ्या, तिचा वर्ग होतो.

जुना_क्यूसी: सालीत, म्हणजे पृष्ठभागालगतच्या थरात, तंतू प्रवाहाच्या दिशेने, आतल्या गाभ्यात आडवे. तुम्हाला सरासरी मिळेल.

उष्मामापी: बरोबर. साल घासून गाभा वेगळा मोजा.

भोसरीचा_मोल्डर: सगळ्यांचे आभार. सीटी परवडत नाही, डीएससी नंतर. साल घासणार नाही, वाकतो तो अख्खा पार्ट, मला सरासरीच हवी. गेटजवळ आणि टोकाला, दोन्ही दिशांच्या पट्ट्या देतो. कापताना पाणी सोडलं तर चालेल?

उष्मामापी: नको, नायलॉन पाणी पितं. कोरडंच कापा, ब्लेड हळू फिरवा. कड वितळली तर तो तुकडा बाद.

चाकण_टूलरूम: डीएससी केली असती तर पट्ट्या कापायच्याच नव्हत्या.