मदत हवी आहे : अमेरिकेचा निकाल तुम्ही परदेशात कुठे पाहिलात?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर लिहितेय. लिहायचंय ते अमेरिकेबाहेरच्या लोकांबद्दल, ज्यांना मत नसतं पण जीव टांगणीला लागलेला असतो.

२००८ चं केनियाचं, म्हणजे ओबामांच्या वडिलांच्या देशाचं, उदाहरण आहेच. ओबामा जिंकल्याचं जाहीर झालं तेव्हा नैरोबीत सकाळचे सात वाजले होते, आणि राष्ट्राध्यक्ष किबाकींनी ६ नोव्हेंबरला चक्क सार्वजनिक सुट्टी जाहीर केली! जपानमधल्या ओबामा शहरातही जल्लोष झाला. नातं काय, तर फक्त नाव सारखं. तमिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरमला, म्हणजे कमला हॅरिस यांच्या आजोबांच्या गावी, २०२० च्या विजयानंतर दारोदार रांगोळ्या आणि फटाके. २०२४ मध्ये तिथल्याच देवळात पूजा झाली, पण निकाल उलटा लागला. स्लोव्हेनियातल्या सेव्हनित्सात, जिथे ट्रम्प यांच्या पत्नी मेलानिया लहानाच्या मोठ्या झाल्या, तर त्यांच्या नावाचे केकसुद्धा निघाले. (धंदा कुणाला चुकलाय!)

पण हे सगळं बातम्यांतलं, कॅमेऱ्यासमोरचं. मला हवंय ते त्यामागचं. तुमच्यापैकी कुणी तेव्हा नैरोबी, बर्लिन, लंडन, आखात, कुठेही असाल तर सांगा : ऑफिसात, भाजीवाल्याकडे, टॅक्सीत काय बोलणं चाललं होतं? २०१६ च्या निकालानंतरचं विशेष हवंय. आपल्या व्हिसाची धास्ती सोडून, तिथल्या स्थानिकांचं. मेक्सिकोत राहिलेलं कुणी आहे का?

चार ओळीही चालतील. वर्ष आणि गाव तेवढं न विसरता लिहा.