इंग्रजीत लिहिताना बरोडा की वडोदरा?

मांडवीकर: आमच्या मंडळाची स्मरणिका यंदा इंग्रजीत निघतेय, विषय बडोदे संस्थानचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांचा काळ. (नातवंडं मराठी वाचत नाहीत. त्यावर वेगळं भांडू.) शहराचं नाव 1974 साली अधिकृतपणे बदललं, म्हणून काही जण म्हणतात सगळीकडे 'वडोदरा' करा. मला पटत नाही, त्या काळचं नाव 'बरोडा'च ठेवावं. 1906 साली सक्तीचं प्राथमिक शिक्षण अख्ख्या संस्थानात लागू झालं. तिथे 'वडोदरा' छापलं तर वाचणाऱ्याला ते शहरापुरतं वाटेल. मग अमरेली, मेहसाणा, नवसारी गेली कुठे?

रावपुरावाले: संस्थान म्हणायचंय तर पुढे 'स्टेट' जोडा, झालं! 'त्या काळचं नाव' म्हणजे नक्की कुणाचं? गुजरातीत तेव्हाही वडोदराच होतं. बरोडा हे रेसिडेन्सीच्या, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीच्या, कागदांतलं.

सुरसागर: रेसिडेन्सीच्या? 1908 ची बँक महाराजांनीच काढली आणि 1949 चं विद्यापीठ तर इंग्रज गेल्यावरचं. दोन्हींच्या नावात आजही बरोडा आहे.

रावपुरावाले: संस्थांची नावं बदला असं कोण म्हणतंय? मी गावाबद्दल बोलतोय. 1917 साली आंबेडकर इथे नोकरीला आले आणि जातीपायी त्यांना राहायला जागा मिळेना. हे आपल्याच शहरात घडलं, त्याची आठवण जपणारी संकल्पभूमीही इथेच आहे. 'बरोडा' लिहिलं की ते कुठल्यातरी जुन्या, परक्या गावावर ढकलल्यासारखं होतं. सोयीचं आहे खरं.

मांडवीकर: हा मुद्दा जड आहे, मान्य. पण करारांचं काय? गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा 1815 साली पंढरपुरात खून झाला, त्यातून पुढे पेशवे आणि इंग्रज यांच्यातला 1817 चा करार आला. इंग्रजी ग्रंथांत तो 'पूना'चा करार आहे. आपण 'पुणे' केलं तर पोरांनी तो शोधायचा कसा?

फतेगंज_ताई: एकदा कंसात जुनं नाव द्या आणि पुढे चला. आपण घरी बडोदेच म्हणतो, त्याची बाजू कुणीच घेत नाहीये! आणि गायकवाडच्या स्पेलिंगात 'ए'नंतर 'ई' की 'आय', ते आधी ठरवा. मागच्या अंकात एकाच पानावर दोन्ही होती.

रावपुरावाले: राजघराण्याचं 'ई'नेच. बाकीचे आपापलं लिहोत.

सुरसागर: मग ठरवू, शहर वडोदरा, संस्थान बरोडा.

मांडवीकर: आणि प्रांत? कडी, नवसारी, अमरेलीसारखा संस्थानात बरोडा नावाचा प्रांतही होता. नकाशा काढणारा मला रोज विचारतोय.