नऊ प्रश्नांत राग कुठेच नाही
लॉकडाऊनमधल्या विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणात मुलींमध्ये नैराश्य जास्त आढळलं, म्हणजे तेव्हा मुलगे तसे बरे होते, असा निष्कर्ष काढतात, तो मला काही पटला नाही. मुलींचा आकडा मी नाकारत नाहीये. एका कानात इअरफोन अडकवून, लेक्चर ऐकत भांडी घासणाऱ्यांपैकी मीही एक. पण अशा बऱ्याच सर्वेक्षणांत पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांतली उदासी, झोप, भूक, थकवा वगैरे ९ प्रश्न, एकूण २७ गुण. त्यात चिडचिड, आदळआपट, व्यसन यांवर एकही प्रश्न नाही.

माझा भाऊ तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. परीक्षा होणार की नाही, हे २८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाचा निकाल येईपर्यंत लटकलेलं. रात्रभर मोबाइलवर गेम, दुपारी दोनला उठणं, आईनं ताट वाढलं की "भूक नाही" म्हणून दार आपटणं. घरात सगळे म्हणायचे, माजलाय. कॉलेजनं असाच एक फॉर्म पाठवला, तर पठ्ठ्यानं सगळीकडे "अजिबात नाही"वर टिचकी मारून अर्ध्या मिनिटात परत धाडला. झोपेच्या प्रश्नालासुद्धा! मी मात्र प्रत्येक ओळ वाचून खरं ते भरलं होतं.