मदत हवी आहे : रावसाच्या माद्यांचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार. बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण तो सॅमनच्या कुळातला नाही आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. सॉकाय सॅमन समुद्रातून नदीत चढतो व एकदाच अंडी घालून मरतो. त्यामुळे नदीत पोहोचलेले मासे मोजून मासेमारीची मर्यादा ठरवता येते आणि कॅनडाचे मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम रिकर यांनी १९५४ मध्ये मांडलेला जनक मासे व नवी पिढी यांचा संबंध लावून पाहता येतो. रावस मात्र आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे मासे काढले की अंडी घालणाऱ्या माद्याच जातात. मला याची फार काळजी वाटते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या रावसाची केवळ लांबी मोजून माद्यांचे प्रमाण काढता येईल का, की पोट चिरून पाहणे अटळ आहे? ३१ जुलैला पावसाळी मासेमारी बंदी संपताच मोजणी सुरू करायची आहे. जाणकारांनी कृपया पद्धत सांगावी.