मदत हवी आहे: चौघांच्या मालकीचं अमेरिकी नोंदणीचं विमान आणि पगारी पायलट (इंग्लंड)

नमस्कार. इथे ब्रिटनमध्ये राहणारे, विमान उडवणारे आणि विमा क्षेत्रात काम करणारेही लोक आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारते आहे. उत्तर या आठवड्यात मिळालं तर फार उपकार होतील.

मी भूलतज्ज्ञ आहे, लंडनजवळ राहते. सहा वर्षांपूर्वी मी, माझे मोठे दीर आणि दोन मित्र अशा चौघांनी मिळून एक जुनं पायपर मालिबू घेतलं. एक इंजिन, सहा आसनं, प्रत्येकाचा पाव हिस्सा. विमान इथेच एका छोट्या धावपट्टीवर असतं, पण क्रमांक ‘एन’ने सुरू होतो, म्हणजे नोंदणी अमेरिकेची. आमच्यापैकी कुणीच अमेरिकी नागरिक नाही, त्यामुळे कागदावर मालक तिथली ट्रस्ट कंपनी आणि आम्ही लाभार्थी. इथे अशी विमानं पुष्कळ आहेत, त्यात बेकायदा काही नाही.

उडवता येणारे एकटे भावजीच. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि मेडिकल, म्हणजे विमान उडवण्यासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, गेलं. विमान विकायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून आम्ही दिवसाच्या मानधनावर एक पायलट ठेवला. हँगर, विमा आणि वार्षिक तपासणीचा खर्च चौघांत. इंधन आणि पायलटचे पैसे ज्याची सहल त्याचे. लेखी काही नाही, सगळं विश्वासावर.

गेल्या महिन्यात आम्हाला फ्रान्समध्ये ल तुकेला जायचं होतं. आदल्या संध्याकाळी पायलट हँगरमध्ये लॉगबुक मिटवून म्हणाला, “उद्या या विमानाचा ऑपरेटर, म्हणजे उड्डाणाला जबाबदार, कोण आहे, तेवढं मला लिहून द्या.” आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. ट्रस्ट? भावजी? मी? आम्ही गेलो नाही.

तेव्हापासून मी वाचते आहे आणि झोप उडाली आहे. 21 जानेवारी 2019 ला फुटबॉलपटू एमिलियानो साला नाँतहून कार्डिफला निघाला आणि वाटेत विमान समुद्रात कोसळून गेला. ते विमानही मालिबूच, एन नोंदणीचं, ट्रस्टच्या नावावर. पायलटकडे व्यावसायिक परवाना नव्हता. उड्डाण ठरवणाऱ्याला 2021 मध्ये 18 महिन्यांची शिक्षा झाली. सालाच्या रक्तातलं 58 टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने, म्हणजे इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूने, व्यापलेलं होतं. एवढं प्रमाण जीवघेणं असतं. या आकड्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको. ते वाचून मी दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये गेले. आमच्या पॅनेलवर कार्बन मोनॉक्साइड आला की रंग बदलणाऱ्या नारिंगी ठिपक्याचं कार्ड चिकटवलेलं आहे. पाकीट फोडल्याची तारीख लिहायची त्यावरची जागा कोरी होती. किती वर्षं ते तसंच होतं, कुणालाच सांगता येईना. मी त्याच दिवशी आवाज देणारा डिजिटल अलार्म मागवला.

आता प्रश्न. आमच्या एका भागीदाराच्या मेहुण्याला येत्या शनिवारी डब्लिनला जायचं आहे. “इंधन आणि पायलट दोन्ही माझ्याकडे” असं तो म्हणतो. बाकीच्यांना यात काही वावगं वाटत नाही, मला मात्र वाटतं. तो मालक नाही. मी अडून बसले आहे ते बरोबर की चूक? आणि चौघांत करार करायचा तर पायलटला नेमायचं कुणी, पैसे कुणाच्या खात्यातून द्यायचे?

प्रतिसाद

ताई, अडून बसा, अजिबात हलू नका. मेहुण्याने पैसे दिले आणि तुम्ही विमान आणि पायलट दोन्ही पुरवले, की ते भाड्याचं उड्डाण होतं. मित्रांत खर्च वाटून घेण्याची सवलत असते, पण ती पायलट स्वतः आपला वाटा भरतो तेव्हाची. पगारी पायलटला ती लावता येत नाही. आणि यात विमा कंपनीने हात वर केले तर चौघांची घरं पणाला लागतील.

मी अशाच एका गटात नऊ वर्षं आहे. आमच्याकडे प्रत्येक उड्डाणाआधी एक पान भरतो: आजचं नियंत्रण अमुक मालकाकडे, जायचं की नाही हे त्याने आणि पायलटने ठरवायचं, पायलटचं बिल थेट त्याच्याच नावाने. पायलटशी करारही प्रत्येक मालकाचा वेगळा. विम्याच्या कागदावर ट्रस्ट, चारही मालक आणि पायलट, सगळी नावं हवीत.

आणखी एक, याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. तुमच्या पायलटचं अमेरिकी सर्टिफिकेट कसलं आहे ते आजच बघा. ब्रिटिश परवान्याच्या आधारावर मिळतं ते फक्त खासगी पायलटचं असतं, त्यावर मानधन घेता येत नाही. ब्रिटनच्या आत एन विमान ब्रिटिश परवान्यावर चालवता येतं, पण ल तुके म्हटलं की ती सोय संपते. तिथे त्याला अमेरिकेची लेखी परीक्षा आणि चेकराइड (विमान उडवून द्यायची परीक्षा) देऊन मिळवलेलं पूर्ण कमर्शिअल सर्टिफिकेट लागेल. मला वाटतं, त्या संध्याकाळी तो तुम्हाला हेच सांगायचा प्रयत्न करत असावा. असा पायलट सोडू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. पायलटला आत्ताच फोन केला. सर्टिफिकेट ब्रिटिश परवान्याच्या आधारावरचंच आहे, आणि तो स्वतःच म्हणाला की यामुळेच त्याला फ्रान्सला जायचं नव्हतं. डब्लिन रद्द, मेहुण्याला मीच कळवते. भावजींना वाईट वाटलं, पण “कागद कर, मी सही करतो” म्हणाले. रविवारी चौघं आमच्याकडे बसतोय. ते एक पानाचं पत्रक मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? नावं आणि क्रमांक खोडून दिलं तरी चालेल.