पुतळ्याखालच्या पाटीवर ओताऱ्याचं नाव का नसतं?

गिरणाकाठ:
गेल्या महिन्यात आमच्या गावात अर्धपुतळा बसला. पाटीवर उद्घाटक, सरपंच, देणगीदार, सगळ्यात खाली शिल्पकार. धातू ज्यानं ओतला त्याचं नाव नाही. तो ओतारी माझा चुलता, म्हणून मला जास्त लागलं हे आधीच कबूल करतो. भाषणांत मात्र 'खान्देशचा धातुकलेचा वारसा' तीनदा येऊन गेला.

मातीत चेहरा आणणं एक, तो धातूत उतरवणं दुसरं. आधी मेणाचा पुतळा, त्यावर गाळलेल्या मातीचे आणि शेणाचे लेप, सावलीत वाळवण, मेण निघून जायला आणि वाफ सुटायला वाटा. साच्यात जरा ओल राहिली की वितळलेला धातू आत पडताच उसळतो. काकांच्या उजव्या पावलावर तसल्या तीन खुणा आहेत. पितळाच्या मुशीवर, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यावर, पांढरा धूर दिसला की जस्त जळून चाललंय हे ते दारातूनच ओळखतात आणि भट्टीचा पंखा बंद करायला लावतात. हे कुठल्या कॉलेजात शिकले? आजोबांच्या शिव्या खाऊन शिकले. मग पाटीवर चार इंच जागा का नको? नाव कोरायचं नसेल तर वारशाचं नाव काढू नका, एवढंच माझं म्हणणं.

ऐरण:
नाही पटलं. आपल्या धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार बघा. वडील सुतारकाम करणारे, घरात ओतशाळा नाही, तरी माणूस ब्राँझपर्यंत पोचला. घराण्यानं नाही, नजरेनं. त्यांच्या स्टॅच्यू ऑफ युनिटीची उंची 182 मीटर, त्यावरचे ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतले. आता त्या कारखान्यातल्या सगळ्यांची नावं पाटीवर घालायची? कल्पना ज्याची, नाव त्याचं. ओताऱ्यानं मजुरी घेतली, विषय संपला. पुस्तकावर छापखानेवाल्याचं नाव असतं का?

गिरणाकाठ:
असतं, दादा. आतल्या पानावर 'मुद्रक' म्हणून. घरातलं कुठलंही पुस्तक उघडून बघा.

ऐरण:
बरं, मुद्रकाचं मान्य. पण मुखपृष्ठावर नसतं ना! पाटी म्हणजे मुखपृष्ठ.

तापीची लेक:
मला ही नावाची भूकच कळत नाही. 1974 साली दायमाबादला झाडाच्या मुळाशी खणताना एका भिल्ल बांधवाला ब्राँझची चार प्राचीन शिल्पं सापडली: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. चारी मिळून साठ किलोच्या वर, भरीव ओतीव. घडवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत आहे? काही अडलं का? आपल्या चोपडा तालुक्यातल्या चहार्डीला जैन कांस्यमूर्ती सापडल्या, तिथंही तेच. जुन्या जैन धातुमूर्तींच्या पाठीवर लेख असतात, पण त्यात बहुतेक वेळा मूर्ती देणाऱ्याचं नाव असतं. घडवणारा देवापुढे स्वतःचं नाव लावत नव्हता. त्याची वृत्तीच तशी होती.

गिरणाकाठ:
म्हणजे हजार वर्षांपूर्वीही पाटीवर देणगीदारच! ताई, तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात. वृत्ती होती की कुणी विचारलंच नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलं?

पारोळेकर:
विषय सोडून एक. दायमाबाद खान्देशात कधी आलं? ते श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी.

तापीची लेक:
मान्य. पण तिथल्या उत्खननातल्या सर्वांत खालच्या थराला ज्या सावळद्याचं नाव दिलंय, ते आपल्या तापीकाठचं गाव. ब्राँझ त्या थरातली नाहीत, हेही सांगून टाकते, नाहीतर पुढच्या प्रतिसादात धराल.

धुळ्याना पोऱ्या:
नाव लिसन काय करतस भाऊ, पोट भराले पैसा लागस.
चेष्टा बाजूला ठेवतो. आता मंडळं फायबरचा पुतळा आणतात, वर ब्राँझचा रंग मारतात आणि हार घालून मोकळी होतात. लांबून फरक कळत नाही. तुमच्या काकांना नाव नको, पुढच्या वर्षीची ऑर्डर हवी असेल. विचारलं का त्यांना?

ऐरण:
हा खरा प्रश्न. आणि पुतण्यानं ओतकाम शिकलंय का, हाही विचारतो. की वारसा फक्त या चर्चेच्या धाग्यावर?

गिरणाकाठ:
माझ्यावर घेतलेलं बरोबर आहे. मी बँकेत आहे, मूस कधी हातात धरली नाही. त्या बाबतीत तुमच्यापुढे मान खाली.

काकांना काल विचारलं. उद्घाटनाला ते मागे उभे होते. गर्दी पांगल्यावर पुढे झाले, बोटाच्या पेरानं पुतळ्याच्या खांद्यावर टकटक केलं, कान लावला आणि घरी आले. नावाचं काढलं तर म्हणाले, "डाव्या कानामागं डाग दिलाय तिथला सांधा दिसतोय. मला तेव्हापासून झोप नाही. आधी तो घासून येऊ, मग तुझ्या पाटीचं बघू." रविवारी कानस आणि शिडी घेऊन आम्ही दोघं जातोय. सरपंचांची परवानगी मी काढायची आहे.

ऐरण:
कानामागचं खालून दिसतं तरी का?

गिरणाकाठ:
नाही दिसत. मी पण हेच म्हणालो, तर जेवताना बोललेच नाहीत.